सात नंबरची पाटी

सर पाटीसमोर उभे राहून पाटी मोठ्याने वाचत होते आणि आम्ही चौघं ऐकत होतो. मजकूर त्यांचाच होता. स्वतः लिहिलेलं स्वतःच वाचून वर "वा" म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि नेमका तो माझा मोठा दीर निघाला.

"'लाटांच्या माऱ्यात खडकाला घट्ट धरून बसणारा हा चिमुकला जीव आपल्याला चिकाटीचा धडा देतो.'" सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि आमच्याकडे पाहिलं. "चिकाटीचा धडा. कळलं ना?"

जाऊबाईंनी मान हलवली. अठ्ठेचाळीस वर्षं हलवताहेत; आता ती आपोआप हलते. त्या स्वतःच्या नवऱ्याला सरच म्हणतात. घरात सगळेच म्हणतात. कॉलेजात वाणिज्य शिकवून निवृत्त झाले त्याला वीस वर्षं झाली, पण सरपण काही सुटलं नाही. मलाही त्यांनी एक नाव ठेवलंय, चिठ्ठीबाई. ते का, ते पुढे येईलच.

किनाऱ्याच्या कडेने जाणारी ही निसर्गवाट गेल्याच महिन्यात सुरू झाली होती. एका बाजूला उतारावरची झुडपं, दुसऱ्या बाजूला काळे खडक, मध्ये फरसबंदी, कडेला दोर बांधलेला आणि थोड्या थोड्या अंतरावर अकरा पाट्या. वाट बांधणाऱ्या कचेरीला पाट्यांवर लिहायला काहीतरी हवं होतं, तेव्हा कुणाला तरी सरांचं जुनं पुस्तक आठवलं. झालं, सरांना पुन्हा पंख फुटले. रविवारी सगळ्या कुटुंबाने निसर्गात जायचं असा हुकूम निघाला. सूनबाईंचं डोकं ऐन वेळी दुखलं. शहाणी मुलगी. उरलो सर, जाऊबाई, माझा पुतण्या, त्याची नऊ वर्षांची पोर आणि मी. मला का नेलं? जेवणाची पिशवी कुणीतरी सांभाळायला हवी म्हणून.

निसर्गात जायला माणसाला इतकं सामान लागतं हे मला ठाऊक नव्हतं. सरांच्या डोक्यावर मानेवर पडदा सोडलेली टोपी, अंगात चौदा खिशांचं जाकीट, गळ्यात दुर्बीण, दुर्बिणीच्या जोडीला शिट्टी. शिट्टी कशाला असं मी जाऊबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, हरवलो तर. एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला टेकडी असलेल्या सरळ वाटेवर हरवायलाही अक्कल लागते. पुतण्या प्रत्येक दगडाचा फोटो काढत होता. पोर तेवढी दोराला लोंबकळत, खाली पाण्यात डोकावत, जे करायला माणसं समुद्रावर येतात ते करत होती.

तिसऱ्या पाटीशी सरांनी शंखाला शिंपला म्हटलं. त्यांना दोन्ही सारखेच. वाणिज्यवाल्याला माल तो माल.

आता चिठ्ठीबाईचं सांगते. मी एकतीस वर्षं संग्रहालयात लेखनिक होते. दर्शनी दालनात नव्हे. मागच्या बाजूला उत्तरेकडच्या खिडकीची एक लांबट खोली होती, तिथे. भिंतीला छतापर्यंत कपाटं, कपाटांत उथळ कप्पे, कप्प्यांत काचेच्या झाकणाच्या पुठ्ठ्याच्या डब्या. प्रत्येक डबीत कापूस, कापसावर शंख किंवा शिंपला, आणि त्याच्याखाली माझ्या हातची चिठ्ठी. काडेपेटीएवढी. तेवढ्यात नाव, सापडल्याची जागा, तारीख आणि शेवटी शेरा. आमचे साहेब एकदाच सांगायचे आणि पुन्हा विचारलेलं त्यांना खपायचं नाही. टाक, काळी शाई, टीपकागद. डांबराच्या गोळ्यांचा वास केसांना लागायचा. आमचे हे म्हणायचे, तू घरी आलीस की घरातली झुरळं निघून जातात. त्या खोलीत दुपारी तीनला जो उजेड यायचा तसा उजेड मी नंतर कुठे पाहिला नाही. एकोणीस हजारांच्या वर चिठ्ठ्या लिहिल्या. समुद्र बसने तासाभरावर होता, पण त्यातला एकही प्राणी मी जिवंत पाहिला नव्हता. मला त्याची गरजही वाटली नाही. नीट लिहिलं की पुरे, असं वाटायचं.

दर शनिवारी दुपारी सर तिथे यायचे. त्यांच्या कॉलेजला अर्धी सुट्टी, आणि त्यांना निसर्गाचं वेड लागलेलं. वेड म्हणजे काय, तर माझ्या समोरच्या खुर्चीत बसायचं, चहा मागवायचा आणि वहीत उतरवून घ्यायचं. शंखाकडे बघायचे नाहीत. मी एकदाही त्यांना काचेचं झाकण उघडून शंख हातात घेताना पाहिलं नाही. डबीचा नंबर लिहायचे आणि खाली माझी चिठ्ठी जशीच्या तशी. मधून मधून निसर्ग माणसाला काय शिकवतो ते मला सांगायचे. आमचे हे स्वभावाने गरीब, भावापुढे तोंड उघडायचे ते जेवायलाच; त्यामुळे या शनिवारांची तक्रार करायची सोय नव्हती.

अशाच एका शनिवारी माझ्यापुढे दोन डब्या होत्या. चारशे बारा आणि चारशे तेरा. दोन्ही शंख बोटभर, दोन्ही एका टोकाला निमुळते, दोन्हींवर तपकिरी नक्षी. अनोळखी माणसाला जुळे वाटावेत. बाराचा विषारी. जिवंत असताना तोंडातून सुईसारखा दात मारतो, माणूस दगावू शकतो. तेरातला बिचारा शेवाळ खाणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. साहेबांनी सांगितलेले शेरे मी बरोबर लिहिले होते. चिठ्ठ्या टीपकागदाखाली वाळत होत्या आणि समोर सर चिकाटी, एकी, त्याग असं काहीबाही बोलत होते. माझं डोकं उठलं होतं. मी चिठ्ठ्या उचलल्या आणि डब्यांत ठेवल्या. बाराची तेरात, तेराची बारात.

अकरा दिवसांनी संग्रहालयाच्या नोंदवहीशी ताळा घेताना ते माझ्या लक्षात आलं. खोलीत कुणी नव्हतं. मी चिठ्ठ्या पुन्हा जागच्या जागी केल्या आणि कप्पा लावला. एकतीस वर्षांतली ती माझी एकच चूक, आणि ती कुणी पाहिली नाही, असं मी धरून चालले.

चार वर्षांनी सरांचं पुस्तक छापून आलं. प्रस्तावनेत सतरा जणांचे आभार होते. साहेबांचे, छपाईवाल्याचे, आणि "वेळोवेळी चहा पुरवणाऱ्या" संग्रहालयाच्या शिपायाचेसुद्धा. चिठ्ठीबाईचे नव्हते. तेही ठीक. मी त्रेसष्टाव्या पानावर आले आणि पाहते तो काय, चारशे बारा नंबरच्या शंखाचं चित्र, आणि खाली शेरा: निरुपद्रवी. समोरच्या पानावर त्या शेवाळखाऊ गरिबाला विषारी ठरवलेलं. चित्रं सरांच्या एका विद्यार्थ्याने काढली होती, डबीपुढे बसून. तोवर माझी बरोबर चिठ्ठी त्याच्या नाकासमोर होती. पण त्याला चित्र काढायला सांगितलं होतं, वाचायला नव्हे. आणि सरांनी वहीतला नंबर आणि वहीतला शेरा जुळवला. शंखापाशी जाऊन बघायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

तेव्हा बोलले असते तर चिठ्ठी चुकल्याचं साहेबांना कळलं असतं, म्हणून भीतीने गप्प बसले. पुढे साहेब गेले, मी निवृत्त झाले, आमचे हे गेले. भीती कशाची राहिली नाही. तरी बोलले नाही. खरं सांगायचं तर मला ती चूक आवडायला लागली होती. लग्नाकार्यात सर मधली खुर्ची पकडून समुद्राविषयी सांगायला लागले, माणसं माना डोलवायला लागली, की मी मनात म्हणायचे, त्रेसष्ट पान. दाढेखाली ठेवलेल्या लवंगेसारखं ते सुख मी सव्वीस वर्षं चघळलं. पुस्तक कुणी वाचतच नाही, मग नुकसान कुणाचं?

पाचव्या पाटीपर्यंत मला सरांचा आवाज सोसला, मग पिशवी घेऊन मी पुढे निघाले. सातव्या पाटीशी वाट जरा रुंद होत होती. दोर तिथे सोडलेला, खाली पायऱ्या, आणि पायऱ्यांखाली ओहोटीने उघडी पडलेली खडकांतली डबकी. पाटीवर बाण काढून लिहिलं होतं, "बालमित्रांनो, येथे उतरून शोधा." वर चारशे बाराचं चित्र, रंगीत, माझ्या हाताएवढं. खाली तोच शेरा: निरुपद्रवी. आणि त्या शेऱ्यावर सरांनी नवी भर घातली होती: बेलाशक हातात घेऊन निरखावा.

मी ते दोनदा वाचलं. तेवढ्यात खालून पोरीची हाक आली.

"आजोबा, सात नंबरवाला सापडला मला."

ती कधी माझ्या पुढे गेली आणि खाली उतरली, मला कळलंच नाही. गुडघाभर डबक्यात उभी, उजवी मूठ मिटलेली. इथे मला एक गोष्ट लिहायची लाज वाटते, पण लिहिते. त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार पोरीचा आला नाही. आता सगळ्यांना कळणार, हा आला. पोरीचा दुसरा.

पिशवी टाकून, छत्री टेकत मी पायऱ्या उतरले. चौऱ्याहत्तराव्या वर्षी शेवाळावरून कशी गेले देव जाणे. मूठ उघड म्हटलं तर ती हसून मूठ पाठीमागे नेऊ लागली. गंमत वाटली तिला. मी छत्रीची मूठ तिच्या मनगटावर मारली, चांगली जोरात. शंख पाण्यात पडला. पोरीने भोकाड पसरलं.

पुतण्या धावत आला. "काकू, मारलंत तिला?"

"हात बघ तिचा. टोचलंय का कुठे ते आधी बघ."

कुठे टोचलेलं नव्हतं. मी दोन्ही पंजे, बोटांची पेरं उलटीसुलटी करून पाहिली. डबक्याच्या तळाशी तो शंख पडला होता आणि जरा वेळाने त्याच्या निमुळत्या टोकातून एक नळीसारखं काहीतरी बाहेर येऊन चाचपडू लागलं. आयुष्यात पहिल्यांदा मी चारशे बारा जिवंत पाहिला.

सर वरच दोरापाशी उभे होते. खाली उतरले असते तर बूट भिजले असते. विद्यार्थ्याशी बोलावं तशा समजुतीच्या स्वरात ते म्हणाले, "चिठ्ठीबाई, पाटी वाचा. निरुपद्रवी लिहिलंय."

"पाटी चुकलीय. हा विषारी आहे."

"पाटी माझ्या पुस्तकावरून केलीय."

"पुस्तक चुकलंय. पान त्रेसष्ट."

सरांनी जाऊबाईंकडे पाहिलं. जाऊबाईंची मान कुठल्या बाजूला हलवावी ते न कळून तशीच राहिली. मग सर मला म्हणाले, की पुस्तक संग्रहालयाच्या नोंदींवरून केलेलं आहे, एकेक नोंद त्यांनी स्वतःच्या हाताने घेतली आहे, आणि सव्वीस वर्षांत एका माणसाने त्यात चूक काढलेली नाही.

आता मला एक वाट मोकळी होती. तुम्ही उतरवताना चुकलात, असं म्हणता आलं असतं. खोटं पाडायला कुणी जिवंत नव्हतं. पण सरांना स्वतःची चूक पटायला तीन पिढ्या लागल्या असत्या. तोवर त्या पायऱ्यांवरून किती पोरं खाली उतरली असती कुणास ठाऊक. दुसऱ्याची चूक मात्र त्यांना चटकन पटते. म्हणून मी त्यांना ती दिली.

"चिठ्ठी मी चुकीच्या डबीत ठेवली होती. अकरा दिवसांनी बदलली. तुम्ही त्या अकरा दिवसांतली उतरवलीत."

सरांच्या चेहऱ्याकडे मी बघत होते. त्यांच्या नातीच्या मुठीत दोन मिनिटांपूर्वी काय होतं, हे त्यांना आता कळलं होतं. पोरगी बापाच्या कमरेला मिठी मारून हुंदके देत होती. आणि माझ्या डोळ्यांदेखत तो चेहरा उजळला.

"म्हणजे माझी चूक नव्हतीच," सर म्हणाले.

इतक्या वर्षांत मी त्यांना मनातल्या मनात जेवढं हिणवलं, ते सगळं त्या एका वाक्याने त्यांनी व्याजासकट खरं करून दाखवलं. मला खरं तर समाधान वाटायला हवं होतं. पण पुतण्याने पोरीला कडेवर घेतलं, नऊ वर्षांच्या घोडीला, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "काकू, तुम्हाला हे इतकी वर्षं माहीत होतं?"

"होतं."

"मग आधी का नाही सांगितलंस?" हे पोरीने विचारलं. नाक पुसत, सरळ माझ्या डोळ्यांत बघत.

पोरीला काय सांगणार होते? मला तुझ्या आजोबांवर मनातल्या मनात हसायला मिळत होतं म्हणून? आजवर मी सरांना कमी लेखत आले, ते न बघता लिहितात म्हणून. मी तर बघून गप्प बसले होते. आमच्या दोघांत जास्त हलकं कोण, हे त्या पोरीला विचारलं असतं तर तिला क्षणही लागला नसता.

झाडाखाली बसून सगळ्यांनी पाव आणि उकडलेली अंडी खाल्ली. पोर माझ्या शेजारी बसली नाही. सरांना मात्र भूक चांगली लागली होती. खाता खाता ते कचेरीला पाठवायच्या पत्राचा मसुदा तोंडी सांगत होते आणि पुतण्या तो फोनवर लिहून घेत होता. "'तत्कालीन लेखनिक श्रीमती,' इथे काकूचं पूर्ण नाव घाल, 'यांच्या हातून घडलेल्या अक्षम्य,' नको, 'गंभीर' कर, 'गंभीर चुकीमुळे.'" मग माझ्याकडे वळून म्हणाले, की पुढच्या आवृत्तीतही तळटीप देऊ, तुमच्या नावानिशी, सत्य ते सत्य. पुढची आवृत्ती. पहिलीचे गठ्ठे त्यांच्या पलंगाखाली आहेत, जाऊबाई त्यांच्यावर गाद्या ठेवतात.

माझं नाव नीट लिहिलंय ना, एवढं मी पुतण्याकडून पाहून घेतलं. आडनावाची वेलांटी चुकली होती, ती सुधारायला लावली.

पत्र जाईल, कुणीतरी वाचेल, मग पाटी बदलेल. तोवर काय, असं मी विचारलं. सर म्हणाले, रीतसरच व्हायला हवं. मी दरवाज्यावरच्या पहारेकऱ्याकडे गेले. भला माणूस, पण त्याला दरवाजा उघडायचा आणि लावायचा तेवढाच अधिकार. पाटीला हात लावायचा नाही. खाऊचा कागद मी पाटीवर चिकटवून पाहिला. पहिल्याच कुटुंबातल्या बाईने तो उचलून खालचं वाचलं. झाकलेलं माणूस आधी उघडून बघतं.

तेव्हा मी सातव्या पाटीशी, पायरीच्या तोंडावरच्या दगडावर बसले. उरलेल्या चार पाट्या तुम्ही बघून या म्हटलं. जाऊबाई जरा घुटमळल्या, मग सरांच्या मागून गेल्या. चिकाटी, एकी, त्याग असे शब्द वाऱ्यावरून येत राहिले आणि हळूहळू यायचे थांबले.

माणसं येत होती. सगळ्यांच्या डोक्यावर त्याच टोप्या. प्रत्येकाला मी तेच सांगत होते: पाटी चुकलीय, हा विषारी आहे, पोरांना खाली सोडलंत तर हात लावू देऊ नका. काहींनी आभार मानले. एका गृहस्थाने मला पाटीवरचं मोठ्याने वाचून दाखवलं, म्हातारीला दिसत नसेल म्हणून. दोन तरुण मुली हसत पुढे गेल्या. एक लहान मुलगा मात्र पायरीवर थांबला आणि मी इथे नोकरीला आहे का, असं विचारू लागला.

"हो," मी म्हटलं.

"काय काम करता?"

"लिखाणाचं."

साडेतीनच्या सुमाराला पाणी वाढू लागलं. आधी दूरची डबकी गेली, मग जवळची. पुतण्याच्या गाडीचा भोंगा दरवाज्याकडून दोनदा वाजला, मग सरांची शिट्टी. मी उठले नाही. खालच्या चार पायऱ्या बुडाल्या आणि आता कुणी उतरणं शक्य नाही अशी खात्री झाली, तेव्हा छत्री टेकत उठले.

दरवाज्यापाशी पहारेकरी कुलूप हातात घेऊन उभा होता. त्याला मी उद्याच्या ओहोटीची वेळ विचारली. आजच्यापेक्षा पन्नास मिनिटं उशिरा, तो म्हणाला. मग मी पहिल्या बसची वेळ विचारली, आणि त्याने सांगितलेली पुन्हा एकदा म्हणून दाखवली, चुकायला नको म्हणून.